रिपोर्टमधला एफ

आमच्या लॅबमधल्या एचपीएलसी मशीनवर, म्हणजे रक्तातली हिमोग्लोबिनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, एका सॅम्पलला साडेसहा मिनिटं लागतात. रक्तातली हिमोग्लोबिनं एकामागून एक बाहेर पडतात आणि स्क्रीनवर त्यांचे डोंगर उमटत जातात. बाळपणीच्या हिमोग्लोबिनचा, म्हणजे एफचा १.१ मिनिटाला, मोठ्यांच्या ए चा २.४ च्या आसपास, ए२ चा ३.६ ला, आणि सिकलसेलचा एस असेल तर त्याचा साडेचारच्या सुमाराला. हे डोंगर मी १९ वर्षं बघते आहे.

नोकरी नागपुरात, माहेर ब्रह्मपुरीकडचं. त्यामुळे सिकलसेल, लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा हा आनुवंशिक आजार, मला पुस्तकातून कळला नाही. आमच्या घराशेजारी एक मुलगी होती. थंडी पडली की तिचे हातपाय सुजायचे, रात्रभर रडायची. मोठी माणसं म्हणायची, वात आहे. ती दहावीला बसलीच नाही, त्याआधीच गेली. तिचं रक्त कुणी तपासल्याचं मला आठवत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला नंदुरबार, या पट्ट्यात अशी एखादी मुलगी आठवणार नाही असं गाव सापडणं कठीण आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एक बाई दोन मुलांना घेऊन आली. थोरला १४ वर्षांचा, धाकटा ११. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए बल्बमध्ये रक्त घेतलं, मशीनला लावलं. दोघंही एसएस, म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन एस मिळालेले, आजार असलेले. ए चा डोंगर दोघांच्याही कागदावर नाही. थोरल्याचा एफ २६.४ टक्के, धाकट्याचा ८.९. रक्त कधी चढवलं होतं हे मी नेहमी आधी विचारते, कारण चढवलेल्या रक्तामुळे सगळे आकडे बिघडतात. दोघांनाही सहा महिन्यांत चढवलेलं नव्हतं, म्हणजे आकडे त्यांचे स्वतःचेच. आईबापाचे रिपोर्ट पिशवीत होते, दोघंही एएस, म्हणजे एकच एस असलेले, वाहक.

रिपोर्ट घेताना बाईने विचारलं, "मॅडमजी, दोघंबी माह्याच पोटचे. मंग मोठा शाळेत कबड्डी खेळते न लहानाच काहून तळमळते?"

मी एवढंच म्हटलं, की मोठ्याच्या अंगात तान्हेपणीचं रक्त जास्त उरलंय. ते खरं होतं, पण पुरं नव्हतं. बाहेर रांग होती, पुरं सांगता आलं नाही. ते इथे लिहिते आहे, कारण तिचा प्रश्न मी आजवर ऐकलेल्या सगळ्यांत नेमक्या प्रश्नांपैकी एक होता.

पोटातलं बाळ श्वास घेत नाही. त्याला ऑक्सिजन आईच्या रक्तातून ओढून घ्यावा लागतो, म्हणून त्याचं हिमोग्लोबिन आईच्यापेक्षा ऑक्सिजनला जास्त घट्ट धरतं. हे एफ. त्यात दोन अल्फा आणि दोन गॅमा साखळ्या असतात. मोठ्या माणसाच्या ए मध्ये गॅमाच्या जागी बीटा येते. सिकलसेलची चूक बीटात आहे. जनुकातलं एक अक्षर बदलतं, डीएनएतल्या ए या अक्षराच्या जागी टी येतो, आणि साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. एवढ्याने ऑक्सिजन सोडलेले एस चे रेणू एकमेकांना चिकटून दोरखंड वळू लागतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. गॅमात ही चूक नाही. शिवाय एफ त्या दोरखंडात गुंफला जात नाही, वळणाऱ्याच्या हातात मध्येच वेगळा धागा यावा तसा तो वळण मोडतो.

म्हणून एसएस बाळ जन्मतः चांगलं असतं. हे पहिल्यांदा नीट हेरलं ते न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी, १९४८ साली. नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फारच कमी दिसतात, आणि त्याचं कारण बाळातलं एफ असणार, असं त्यांनी मांडलं. तेव्हा बीटातली चूक सापडायची होती, डीएनएची रचनाही कळलेली नव्हती. सूक्ष्मदर्शकातून बघून त्या इथवर पोचल्या.

आम्हा टेक्निशियन लोकांना याच कारणासाठी शिकवलं जातं, की सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी टेस्ट करू नका. त्या टेस्टमध्ये नळीमागे काळ्या रेघा धरतात. एस असेल तर द्रावण गढूळ होतं, रेघा दिसत नाहीत. बाळाच्या रक्तात एफ इतका असतो की एस असूनही रेघा दिसू शकतात. एका शिबिरातून चार महिन्यांच्या बाळाला दिलेला 'निगेटिव्ह' लिहिलेला कागद मी पाहिला आहे. ते मूल दोन वर्षांनी पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगलेली घेऊन आमच्याकडे आलं. आई तो कागद पुनःपुन्हा दाखवत होती, की यात तर नाही म्हटलंय. तपासणी शिबिरात काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, तान्ह्या बाळाला तो शब्द लिहून देऊ नका.

आता एफ जातो कुठे? आपल्या अकराव्या गुणसूत्रावर ही जनुकं ओळीने बसलेली आहेत. आधी एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, मग बीटा. आयुष्यात ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा मंदावते आणि बीटा जोर धरते. पण गॅमा हरवत नाही, झिजत नाही. त्या धाकट्याच्या अस्थिमज्जेत रोज घडणाऱ्या लाल पेशींच्या पूर्वजपेशींत ती जशीच्या तशी आहे, फक्त गप्प आहे. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी रात्री बराच वेळ जागी होते. औषध घरातच आहे आणि कपाटाला कुलूप आहे.

ते कुलूप एक प्रथिन आहे, नाव बीसीएल११ए. त्याचं जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर, म्हणजे गॅमापासून वेगळ्याच ठिकाणी. २००७ साली लंडनच्या एका गटाने आणि लगेच पुढच्या वर्षी इटलीच्या सार्डिनिया बेटावर काम करणाऱ्यांनी साध्याच माणसांच्या डीएनएत शोध घेतला, की काहींच्या अंगात एफ थोडा जास्त का उरतो. दोन्हीकडून बोट याच जागेकडे गेलं. २००८ मध्ये बोस्टनला विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने मोठ्या माणसाच्या रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींत बीसीएल११ए कमी केलं आणि गॅमा पुन्हा बोलू लागली. २०१८ मध्ये हेही दिसलं की हे प्रथिन गॅमा जनुकाच्या सुमारे ११५ अक्षरं आधी असलेल्या एका छोट्या शब्दावर बसतं: टीजीएसीसीए. काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या याच शब्दात एका अक्षराचा बदल आहे. त्यांच्यात एफ आयुष्यभर जास्त राहतो, आणि ती माणसं तब्येतीने ठणठणीत असतात. मला हे फार मोठं वाटतं. मोठेपणी एफ जास्त असणं शरीराला चालतं, याचा पुरावा त्या कुटुंबांनी जगून दिला होता, प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी.

आता त्या दोन भावांकडे. भारतातल्या बहुतेक एस-गुणसूत्रांवर गॅमाच्या अगदी शेजारी एक छोटा बदल असतो, त्याला एक्सएमएन-१ म्हणतात. त्यामुळे आपल्याकडच्या एसएस रुग्णांत एफ आफ्रिकेतल्या बऱ्याच रुग्णांपेक्षा जास्त आढळतो. पण भावाभावांतला फरक त्याने सुटत नाही. आई वाहक, बाप वाहक, प्रत्येकाकडे एस असलेली जागा एकच. दोन्ही मुलांना ती मिळाली म्हणजे अकराव्या गुणसूत्राचा तो तुकडा दोघांकडे सारखाच आला. मग फरक दुसरीकडून येणार. दुसऱ्या गुणसूत्रावरचा बीसीएल११ए चा भाग आणि सहाव्या गुणसूत्रावरचा एमवायबी नावाच्या जनुकाजवळचा भाग, या दोन जागा त्यासाठी सर्वांत ओळखीच्या आहेत. त्या मुलांच्या या जागा आम्ही तपासल्या नाहीत, तशी सोय रोजच्या कामात नसते. पण ती बाई विचारत होती त्याचं उत्तर या दिशेला आहे: आजार दोघांना सारखा मिळाला, त्याला आवर घालणारे दुसरे गुण मात्र वेगवेगळे मिळाले.

यातली एक बाब मला सांगायलाच हवी. बीसीएल११ए च्या जागी माणसामाणसांत जो फरक असतो, तो प्रथिनाच्या मजकुरात नसतो. तो असतो जनुकाच्या आत, पण प्रथिन न बनवणाऱ्या एका भागात. २०१३ मध्ये बोस्टनच्याच गटाने दाखवलं की तो भाग एन्हान्सर आहे, म्हणजे जनुकाचा आवाज वाढवणारं बटण, आणि तो लाल पेशींच्या घराण्यातच चालतो. मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करत होते तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की डीएनएचा बहुतेक भाग निरुपयोगी आहे, 'जंक' हा शब्द वहीत लिहून घेतला होता. ती वही अजून माहेरी माळ्यावर आहे.

आणि इथूनच आरएनएची, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या नकलेची, गोष्ट सुरू होते. ७ ऑक्टोबर २०२४ ला दुपारी नोबेल जाहीर झालं, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना, मायक्रोआरएनए या आरएनएच्या अगदी छोट्या तुकड्यांच्या शोधासाठी. मी डबा खात होते. बातमीत एका मिलिमीटरच्या गांडुळासारख्या किड्याचं नाव होतं, सी. एलिगन्स. जेवण संपेपर्यंत मी वाचत राहिले आणि मग कित्येक रात्री.

त्या किड्याच्या अंगात वाढीचे टप्पे ठरलेले असतात. लिन-४ नावाच्या जनुकात बिघाड झाला की किडा एकाच टप्प्याची कामं पुन्हा पुन्हा करत राहतो, पुढे सरकतच नाही. अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेत रोझलिंड ली आणि रोंडा फाइनबॉम यांनी ते जनुक नेमकं हुडकलं, तर त्यातून प्रथिन निघेचना. निघाला तो फक्त २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या मेसेंजर आरएनएच्या, म्हणजे प्रथिन बनवायचा निरोप नेणाऱ्या चिठ्ठीच्या, शेपटाकडच्या अक्षरांशी जुळतो आणि त्यावर चिकटून प्रथिन बनणं रोखतो. हे १९९३ मध्ये छापून आलं. किड्याचं काहीतरी वेगळं असेल, असं समजून बरीच वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग २००० साली रुव्हकुन यांच्या गटाला असाच दुसरा तुकडा सापडला, लेट-७. तो माशांत निघाला, फळमाशीत निघाला, माणसात निघाला. अक्षर न्‌ अक्षर तोच.

लेट-७ किड्याला सांगतो की बालपण संपलं. त्याच्या उलट बाजूला लिन२८ नावाचं प्रथिन आहे, ते बालपण लांबवतं आणि लेट-७ ला पिकू देत नाही. माणसात या लिन२८चा एक भाऊ आहे, लिन२८बी. गर्भातल्या बाळाच्या रक्त घडवणाऱ्या पेशींत तो भरपूर असतो, मोठ्यांत जवळजवळ नसतो. मोठ्यांत लेट-७ चढलेला असतो. २०१३ मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसाच्या पेशींना प्रयोगशाळेत लिन२८बी जास्त दिलं, तर लेट-७ खाली आला, बीसीएल११ए कमी झालं आणि पेशींत बाळासारखा एफ भरू लागला. किड्याच्या अंगातलं वय मोजणारं घड्याळ माझ्या मशीनवरच्या १.१ मिनिटाच्या डोंगरामागे चालतं आहे, हे मी त्या रात्री पहिल्यांदा वाचलं.

लेट-७ ची बाजू घेऊन सगळं सोपं सांगता आलं असतं, पण गोष्ट पुढे वळली. नवजात बाळाच्या पेशींत बीसीएल११ए चा मेसेंजर आरएनए असतो, प्रथिन मात्र फारसं नसतं. म्हणजे चिठ्ठी पोचलेली आहे, वाचली जात नाही. २०२० मध्ये शंकरन यांच्या गटाने दाखवलं की लिन२८बी स्वतःच त्या चिठ्ठीवर हात ठेवून बसतं, आणि त्यासाठी त्याला लेट-७ ची गरज लागत नाही. मोठेपणी लिन२८बी ओसरतं, चिठ्ठी वाचली जाते, बीसीएल११ए तयार होतं, आणि ते गॅमाला गप्प करतं. एकाच वाटेवर आरएनए आणि प्रथिनं अशी एकमेकांना अडवत उभी आहेत, आणि त्या अडवाअडवीचं फलित म्हणून कागदावर ८.९ हा आकडा उमटतो.

दुसऱ्या एका बाजूनेही मायक्रोआरएनए इथे येतात. तेरावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन घेऊन जन्मलेल्या बाळांत एफ उशिरापर्यंत जास्त राहतो, हे डॉक्टरांना जुनं माहीत होतं. २०११ मध्ये त्याचं कारण पुढे आलं. त्या गुणसूत्रावर मिर-१५ए आणि मिर-१६-१ हे दोन मायक्रोआरएनए आहेत. ते जास्त झाले की एमवायबी दबतं, आणि एमवायबी दबलं की एफ वाढतो. सहाव्या गुणसूत्रावरची जी जागा वर सांगितली, तिच्या शेजारचंच हे एमवायबी. अशी बाळं फार जगत नाहीत. त्यांच्याकडून मिळालेली ही माहिती लिहिताना माझा हात थांबतो, पण ती लिहिलीच पाहिजे.

या सगळ्याचं औषध झालं का? झालं, आणि ते या ज्ञानाशिवाय झालंच नसतं. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढायच्या, क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या कात्रीने बीसीएल११ए च्या त्या एन्हान्सरमध्ये नेमका छेद द्यायचा, आणि परत सोडायच्या. प्रथिनाचं जनुक कापत नाहीत, त्याचं लाल पेशींतलं बटण तेवढं मोडतात, कारण बीसीएल११ए मेंदूला आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींना हवं असतं. २०२४ मध्ये छापलेल्या निकालांत ३० पैकी २९ रुग्णांना सलग किमान १२ महिने मोठा क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनेचा झटका, आला नाही. बोस्टनच्या दुसऱ्या एका चाचणीत कात्रीऐवजी आरएनएच वापरला होता: मायक्रोआरएनएच्या साच्यात बसवलेला एक तुकडा, लाल पेशींतच बीसीएल११ए ची चिठ्ठी नष्ट करणारा. २०२१ मध्ये त्या सहा रुग्णांचे निकाल आले, एफ वाढला होता.

पण कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. आधी जोरदार केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, कित्येक आठवडे दवाखान्यात राहावं लागतं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट घेऊन. तपासणी वाढली, ते माझ्या टेबलावरच्या बल्बांवरून मला दिसतं. तपासणीनंतर त्या पोराच्या हातात काय पडणार, हा विचार मला सोडत नाही.

आज त्याच्या हातात पडू शकते ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी. १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने सिद्ध केलं की तिने क्रायसिस कमी होतात. ती अस्थिमज्जेतल्या भराभर वाढणाऱ्या काही पेशी थांबवते, अस्थिमज्जा घाईने नवी भरती करते, आणि घाईत घडलेल्या लाल पेशींत एफ जास्त असतो. नागपुरातल्या डॉक्टरांनी मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी ठराविक मात्रेत ती देऊन पाहिली आणि फायदा दिसला, ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या मातीतलं काम आहे, मला त्याचा अभिमान आहे. लोक ती घ्यायला घाबरतात, कारण दुकानदार म्हणतो ही कॅन्सरची गोळी आहे. हो, कॅन्सरमध्येही देतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बघत ती वर्षानुवर्षं देतात. गोळी सुरू केली आणि सीबीसी चुकवली, असं मात्र करू नका.

सिकलसेलचा रिपोर्ट लोक कसा वाचतात ते मी रोज बघते. नजर एस वर जाते आणि तिथेच थिजते. मी अलीकडे एफच्या आकड्याखाली निळ्या पेनाने रेघ मारून देते आणि म्हणते, हा डॉक्टरांना आवर्जून दाखवा. हा आकडा नशिबाचा नाही. तो हलतो.

त्या धाकट्याला पावसाळ्याआधी गोळी सुरू झाली. ऑगस्टच्या सॅम्पलला एफ १३.२ होता. आई म्हणाली, जुलैत एकदाच दुखलं, पण घरीच निभावलं. पुढचं सॅम्पल दिवाळीनंतर द्यायचं होतं, तर म्हणाली, "धानाची कापणी होऊ द्या जी, मंग घेऊन येतो." मी तिला तारीख कार्डावर लिहून दिली, आणि तिच्याच हाताने थोरल्याचंही नाव खाली लिहून घेतलं, म्हणजे दोघांचे डोंगर एकाच दिवशी बघता येतील.